अप्पांना शनी दाखवायचा होता

खरं सांगू? अप्पांच्या गच्चीवर तारे कमी बघितले गेले आणि किस्से जास्त जमले. म्हणजे कसं, दुर्बीण लावायला दीड तास, तारा सापडायला अर्धा तास, आणि सापडला की ढग! मधल्या वेळात माणसं करणार काय? बोलणार. माझं अलिबागजवळ नागावात औषधाचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक नसलं की मी हे किस्से सांगते, आणि गिऱ्हाईक असलं तरी सांगते. परवा एक जण म्हणाला, "वैशालीताई, आधी तापाची गोळी द्या, मग शनीचं सांगा."

मंडळी मोजकीच. गच्चीचे मालक अप्पा, मोजणीच्या नोकरीतून रिटायर झालेले. निम्म्या तालुक्याच्या जमिनी त्यांनी टेबल मांडून, साखळी ओढून मोजल्यात. नलूकाकू त्यांची बायको, माहेर पालीचं. हसनभाई रेवदंड्याला टीव्ही-मोबाइल दुरुस्त करतात. पाटलांचे तीन ट्रक आहेत, गाव खाडीच्या अंगाला, खाऱ्या भातशेतीच्या खारभाटात. आणि पाचवी मी, गोळ्यांची जबाबदारी असलेली.

गोळ्या कशाच्या, ते सांगायलाच हवं, कारण सगळं तिथंच अडलेलं होतं. अप्पांना कंपवात आहे. संध्याकाळची गोळी घेतली की पाऊण तासानं हात शांत होतात. तेवढा एक तास मिळतो, मग थरथर परत सुरू. आणि अप्पांना शनी बघायचा होता, स्वतःच्या डोळ्यानं, कड्यासकट. "आयुष्यभर लोकांचे बांध बघितले," ते म्हणायचे. "ज्याच्यावर कुणाचाच दावा नाही असं काहीतरी एकदा नीट बघू दे."

दुर्बिणीतून बघताना ग्रह दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, कारण आपली पृथ्वी फिरत असते. तुम्हीआम्ही पटकन डोळा लावून मोकळे होतो. अप्पांना खुर्चीतून पुढं वाकून डोळा जागेवर आणायलाच चार-पाच मिनिटं लागतात. म्हणजे दुर्बिणीनं शनीच्या मागोमाग आपणहून फिरत राहिलं पाहिजे. तेवढ्यासाठी तर ते कॉम्प्युटरवालं माउंट! दुर्बीण ज्या मोटरच्या बैठकीवर बसते ते माउंट. त्याला आपण कुठं आहोत, तारीख काय, वाजले किती ते सांगायचं, ओळखीचे दोन तारे दाखवायचे, आणि सगळं जुळलं की हँडसेटवर, म्हणजे त्याच्या रिमोटवर, अक्षरं उमटतात, 'अलाइन सक्सेस.'

ही अक्षरं उमटावीत म्हणून आम्ही काय काय केलंय, ते आमचं आम्हाला माहीत.

* * *

दुर्बीण मुळात आमची नव्हेच. मांडव्याकडच्या एका बंगल्यातल्या मुंबईकरांची. तीन वर्षांत त्यांना ती एकदाही लावता आली नाही. शेवटी हसनभाईंकडे रिपेअरला टाकली. हसनभाईंनी सगळं उघडून बघितलं आणि फोन केला, "साहेब, बिघाड काहीच नाही." पलीकडून उत्तर आलं, "मग तर ती ठेवूनच घ्या!"

पाटलांच्या टेम्पोतून ती अप्पांच्या गच्चीवर आली. पहिल्याच संध्याकाळी हँडसेटनं विचारलं, तुम्ही कुठले? यादीत दिल्ली होती, मुंबई होती. अलिबाग नव्हतं.

"मुंबई टाका ना," पाटील बोलले. "समोर तर हाय."

अप्पा खुर्चीत ताठ झाले. "मुळीच नाही! जन्मभर मुंबईवाल्यांकडून ऐकून घेतलं, अलिबागसे आया है क्या. आता मशीननं पण अलिबागला यादीबाहेर ठेवायचं?"

मग अप्पांनी अक्षांश-रेखांश तोंडपाठ सांगितले, हसनभाईंनी बटणं दाबली. दोन तास दुर्बीण गावभर फिरली. कधी नारळात, कधी पाण्याच्या टाकीत, एकदा तर शेजारच्या मोरेवहिनींच्या खिडकीत! शेवटी कळलं, पूर्वेच्या जागी पश्चिम दाबलं गेलंय. हसनभाईंनी फोनवर शोधलं आणि म्हणाले, "माशाल्ला! आपण आत्ता हैती नावाच्या बेटाजवळ आहोत."

काकूंनी विचारलं, "तिथं नारळ आहेत का रे?"

"आहेत काकू. समुद्र पण आहे."

"मग राहू या की थोडा वेळ," काकू म्हणाल्या. आणि खरंच, आम्ही दिवा मालवून तसेच बसून राहिलो. समुद्राचा आवाज येत होता, सुपारीच्या वाडीतून गार वारा येत होता, आणि आपण कुठं आहोत ते त्या घटकेला कुणालाच महत्त्वाचं वाटत नव्हतं.

* * *

डिसेंबर लागला. तारीख पाच. मी बरोबर पावणेसहाला अप्पांना गोळी दिली. सूर्य बुडाला, आकाश जांभळं झालं, हसनभाईंनी तारीख टाकली, तारे धरले, शनीचं बटण दाबलं. हँडसेट म्हणाला, शनी क्षितिजाच्या खाली आहे.

"खाली कुठं?" अप्पांनी विचारलं.

हसनभाईंनी दिशा धरून हात केला. गच्चीवरून खाली, तिरका. हाताच्या टोकाला नेमकं काकूंचं स्वयंपाकघर.

"आत आहे का?" काकू म्हणाल्या. "मग वर येताना भज्यांची ताटली घेऊन ये म्हणावं त्याला, मी मघाशीच तळून ठेवलीत."

झालं होतं असं, की मशीन आधी महिना विचारतं आणि मग दिवस. आम्ही आपलं सवयीनं पाच-बारा टाकलेलं. मशीनच्या मते बारा मे चालू होता! आणि यंदाच्या मेमध्ये संध्याकाळी शनी खरंच जमिनीखाली होता. म्हणजे मशीन शहाणंच, मे महिन्यात आम्ही होतो. चूक सापडेपर्यंत अप्पांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली होती. तास संपला होता.

अप्पा भजी खात म्हणाले, "उद्या." भजं तोंडापर्यंत नेताना हात हलत होता, आणि आम्ही सगळे जण त्या वेळी आकाशाकडे बघत होतो.

* * *

दुसऱ्या दिवशी शनी सापडला! अगदी मधोमध, आडव्या बारीक कड्यासकट. मी बघितला, हसनभाईंनी बघितला, काकूंनी बघून हात जोडले. अप्पांची खुर्ची पुढं सरकवली. अप्पा वाकले, डोळा शोधत शोधत काचेवर आला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काळोख," अप्पा म्हणाले. "चांगला आहे, पण काळोख आहे."

तारे नीट जुळले नव्हते. माउंट शनीच्या मागे चाललं होतं, पण शनीच्या वाटेनं नव्हे. परत आणला, परत गेला. चार वेळा. चौथ्या वेळी अप्पांचा हात दुर्बिणीला टेकला आणि काचेतलं सगळं आभाळ कापायला लागलं. "वैशू," त्यांनी हळूच विचारलं, "हा थरथरतोय की मी?"

काकू म्हणाल्या, "थंडी आहे ना. त्याला पण वाजते."

मग हसनभाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षी हे कडं आपल्याला अगदी धारेवरून दिसणार, म्हणजे जवळपास दिसणारच नाही. परत नीट उघडायला वर्ष-दोन वर्षं. अप्पा हसले. "तोवर मी कुणाच्या गच्चीवर असेन, काय सांगावं!" म्हणजे जे काय करायचं ते याच डिसेंबरात. शनी पश्चिमेला कलायच्या आत, गोळीच्या तासात.

* * *

आता पाटलांचं ऐका. पाटील रोज यायचे, दुर्बीण उचलायचे, तिपाई धरायचे, चंद्र बघायचे, गुरू बघायचे. शनी म्हटलं की पाठ करून उभे! मी एकदा म्हटलं, "पाटील, बघा की. किती सुंदर दिसतोय."

"ताई, साडेसाती चालू हाय. तो माझ्याकडं बघतोय तेवढं पुरं हाय. मी कशाला त्याच्याकडं बघू?"

आम्ही हसून लोटपोट. पण पाटील हसले नाहीत. अप्पांकडे मान वळवून बोलले, "मी बघीन. ज्या दिवशी अप्पा बोलतील, पाटील, मोजनी चुकली, त्या दिवशी बघीन."

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. पाटलांच्या वडलांची आणि चुलत्याची खारभाटात शेजारी शेजारी शेती. बांधावरून वाद झाला, मोजणीला तरुण अप्पा गेले. खाडीचं पाणी सोडायला-अडवायला बांधात दरवाजा असतो ना, ती उघाडी. तिच्या शेजारी अप्पांनी टेबल मांडलं, होकायंत्र लावलं, रेघ मारली. बांध चार हात सरकला, चुलत्याकडची जमीन वाढली.

"माझा बापूस मरंपर्यंत चुलत्याशी बोलला न्हाय," पाटील सांगायचे. "शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला, तरी बांधावर जाऊन पायानं मोजायचा. चार हात, बोलायचा. चार हात."

अप्पांचं उत्तर ठरलेलं. "होकायंत्र खोटं बोलत नाही, पाटील."

दोघं एकाच ताटलीतली भजी खायचे. पण या एका वाक्यानंतर थोडा वेळ कुणी ताटलीला हात लावायचं नाही.

* * *

हसनभाईंना ताऱ्यांच्या नावांचं भारी कौतुक. हँडसेटवर सगळी नावं परकी. आपला श्रवण तिथं अल्टेअर, आपला हंस तिथं डेनेब. हसनभाई लहानपणी मदरशात थोडं अरबी शिकलेले. एका संध्याकाळी यादी वाचता वाचता ओरडले, "अरे यार, ही तर आपल्या मौलवीसाहेबांची भाषा! डेनेब म्हणजे शेपूट. अल्टेअर म्हणजे उडणारा. आणि हा बघा दक्षिणेचा, फोमलहॉट. फम अल हूत! मासळीचं तोंड!"

पाटलांनी मान वर केली. "कंची मासळी?"

बस! पुढचा सगळा वेळ त्यात गेला. पाटील म्हणाले, एवढं मोठं तोंड म्हणजे बोंबीलच. हसनभाई म्हणाले, अरबांना बोंबील कुठला माहीत, ती सुरमई. काकूंना मासे चालत नाहीत, पण त्याही म्हणाल्या, "वर आकाशात कशाला कोण कापतंय तिला, असेना का कुठलीही."

मी गच्चीवर चटईवर आडवी झाले होते. डोळ्यांसमोर ती मासळी दक्षिणेच्या काळ्या पाण्यात संथ पोहत होती. वर उडणारा पक्षी होता, कुणाची तरी शेपूट होती. किती शतकांपूर्वी कुठल्या तरी वाळवंटात अशीच चार माणसं चटईवर पडली असतील आणि त्यांनीही वाद घातला असेल, कंची मासळी? मला इतकं बरं वाटलं, की घड्याळ बघायचंच राहिलं.

"वैशू," अप्पा म्हणाले, "माझा तास झाला गं."

मी चटकन उठून बसले. इतकी लाज वाटली, सांगते. सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली बाई, आणि एका मासळीपायी विसरले!

* * *

लाईट जाण्याचा किस्सा तर गावाला माहीत आहे. गावात लाईट गेली की सगळे बोटं मोडतात, आम्ही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी तारे जुळले, 'अलाइन सक्सेस' आलं, अप्पांची खुर्ची सरकवली, आणि लाईट गेली. काय ते आकाश उघडलं! वाडीच्या झावळ्यांपर्यंत तारे उतरलेले. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, माउंटसुद्धा लाईटवरच चालत होतं.

हँडसेट काळा ठिक्कर. लाईट आल्यावर त्यानं पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, तुम्ही कुठले?

दुसऱ्या दिवशी पाटील ट्रकची जुनी बॅटरी खांद्यावर घेऊन वर आले. "ही लावा. आता गाव बंद पडला तरी तुमचा शनी चालू राहील." लावली, आणि पाठ करून उभे राहिले.

* * *

बॅटरी आली, पण तारा चुकायचा तो चुकलाच. त्या दिवशी हसनभाईंना उशीर झाला म्हणून तारे धरायचं काम माझ्याकडे आलं. हँडसेट म्हणाला, अल्टेअर दाखवा. म्हणजे श्रवण. पश्चिमेला, समुद्राला टेकत आलेला. हवेत धुरकट होतं. मी बघितला, मधोमध आणला, बटण दाबलं. दुसरा तारा दाखवला. अलाइन सक्सेस! मी टाळ्या पिटल्या.

शनी काही मिळेना. कुठल्या कुठं भलत्याच जागी नाक खुपसून दुर्बीण उभी. परत श्रवणावर आणली तर श्रवण जागेवर नाही, उजवीकडे सरकलेला! मी म्हटलं, "अप्पा, तारा चालतोय हो!"

पाटील आले, कठड्याला हात टेकून बघितलं आणि शांतपणे बोलले, "ताई, ती बोट हाय. बंदरात जागा नसली की हितं नांगर टाकून थांबतात. भरती लागली की वळतात."

मी अख्खं आकाश एका जहाजाच्या डोलकाठीवरच्या दिव्याला बांधलं होतं! त्या रात्री मुंबईपर्यंतचे सगळे तारे भरतीबरोबर थोडे थोडे वळले असतील.

अप्पा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "हद्दीचा दगडच चालायला लागला, तर मोजणी कुणाची करायची?" आणि मला जवळ बसवून समजावून सांगितलं. दोन खुणा घ्यायच्या त्या एकमेकींपासून लांबच्या, आणि पक्क्या. त्या दोन पक्क्या असल्या की तिसरी जागा आपोआप सापडते.

* * *

तरीही दुर्बीण पहिल्याच ताऱ्याला भलतीकडे तोंड करायची. अप्पा म्हणाले, "सुरुवातीला दुर्बीण उत्तरेला धरायची असते, आणि तुमची उत्तर दिशाच कच्ची आहे." आणि काकूंना त्यांचं पितळी होकायंत्र काढायला लावलं. नोकरीतलं, तीस-पस्तीस वर्षांचं, अजून चकचकीत. गच्चीच्या कोपऱ्यात, जिथं नारळ आडवे येत नाहीत तिथं, अप्पांनी ते ठेवलं, आणि हसनभाईंनी तेलरंगानं उत्तरेची रेघ ओढली. तिपाईचा एक पाय रोज त्या रेघेवर.

आणि दुर्बीण अजूनच बहकली! पहिला तारा म्हणून ती जिथं थांबायची तिथं आसपास दुसराच कुठला तरी तारा असायचा, आणि आम्ही त्यालाच श्रवण म्हणून रामराम घालायचो.

काकू वैतागल्या. "आमच्या पालीला बघा, बल्लाळेश्वराच्या देवळाची दिशा बांधणाऱ्यांनी अशी धरलीय, की ठरावीक दिवसांत उगवता सूर्य थेट देवाच्या अंगावर. एकदाच अलाइनमेंट केली. अजून सक्सेस आहे!"

हसनभाईंनी होकायंत्र उचललं आणि गच्चीवर फिरायला लागले. टाकीपाशी काटा टाकीकडे. मधोमध आले तर काटा माडाकडे. परत कोपऱ्यात आले, काटा तिसरीकडेच.

"ही उत्तर हाय का रिक्षा?" पाटील बोलले.

हसनभाई थांबले. कोपऱ्यात खांबातून चार सळया वर आलेल्या. पुढंमागं मजला चढवू म्हणून ठेवलेल्या. वीस वर्षं त्यांच्यावर काकूंच्या साड्या वाळतात. त्यांनी होकायंत्र सळईजवळ नेलं. काटा लोचटासारखा तिकडे वळला. दूर नेलं, सुटला. परत जवळ नेलं, वळला.

"लोखंड आहे अप्पा," हसनभाई म्हणाले. "लोखंडाजवळ हा उत्तर नाही दाखवत. लोखंड दाखवतो."

आम्ही हसायला लागलो. पाटीलसुद्धा. अप्पा हसले नाहीत. त्यांनी होकायंत्र मागून घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि त्याच्याकडे बघत बसले. गोळीचा अर्धा तास अजून शिल्लक होता, तरी म्हणाले, "मला खाली न्या."

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. "अगं, माळ्यावरची जुनी ट्रंक काढायला लावली. वह्या चाळत बसलेत. विचारलं तर बोलत नाहीत." मला वाटलं, डोस कमी पडतोय की काय. डॉक्टरांना विचारा, असं मी काकूंना सांगितलं.

* * *

डिसेंबरचे शेवटचे दिवस. आठवडाभर अप्पा वर आले नव्हते. एका संध्याकाळी त्यांनीच निरोप पाठवला, आज लावा. पाटलांना पण बोलवा.

जिना चढवेना. पाटलांनी खुर्चीसकट उचललं त्यांना, एकट्यानं, आणि सोळा पायऱ्या चढून वर आणलं. अप्पा वर येईपर्यंत डोळे मिटून होते.

तिपाई सळयांपासून लांब, गच्चीच्या मधोमध. होकायंत्र नाहीच, उत्तर ध्रुवताऱ्यावरून. अप्पांनी हसनभाईंना दोन तारे सांगितले, पश्चिमेचा श्रवण आणि ईशान्येचा ब्रह्महृदय. आकाशाची दोन टोकं. मी कठड्यापाशी जाऊन समुद्र बघून आले, बोट नव्हती. तारीख, महिना आधी. पूर्व, पूर्वच. बॅटरी, ट्रकची.

अलाइन सक्सेस.

शनी आला. हसनभाईंनी कुणालाच हात लावू दिला नाही. "पाच मिनिटं बघतो, पळतो का." आम्ही पाच मिनिटं उभे. मोटरची बारीक घुर्र, खाली लाटा, वाडीत कुठंतरी झावळी पडल्याचा आवाज. हसनभाई वाकले. "तिथंच आहे."

काकूंनी अप्पांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले, दुर्बिणीला लागू नयेत म्हणून. अप्पा वाकले. एक मिनिट. दोन. मी घड्याळाकडे बघत नव्हते, पण मनात मोजत होते. चार. काकूंच्या हातात त्यांचे हात शांत होते.

"दिसला," अप्पा म्हणाले.

मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, अंधारच तर होता. अप्पा बघतच राहिले. मोटर घुरघुरत होती, आकाश सरकत होतं, आणि तो त्यांच्या डोळ्यासमोरून हलत नव्हता. किती वेळ गेला, देव जाणे.

मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "पाटील, तुमच्या उघाडीची झडप लोखंडाची होती ना हो?"

पाटील पाठ करून उभे होते. "व्हय. अजून हाय."

"टेबल तिच्या शेजारीच मांडलं होतं मी. वहीत लिहिलंय माझ्याच अक्षरात. होकायंत्र खोटं नाही बोललं. मीच त्याला लोखंडाशेजारी बसवलं. मोजणी चुकली, पाटील. तुमचे वडील बरोबर होते. चार हात."

अप्पांनी डोळा काढला आणि खुर्चीतच कष्टानं बाजूला सरले, जागा करून द्यायला.

खांद्यावरचा टॉवेल काढून पाटलांनी तोंडावरून फिरवला, कितीतरी वेळ. मग वळले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, आणि डोळा लावला.

तो अजून तिथंच होता.

पाटील बघत राहिले. शेवटी बोलले ते इतकं हळू, की मला वाटतं ते आमच्यातल्या कुणाला नव्हतंच.

"बांध बघ याचा, बापू. कुनी हलवला न्हाय."